यंत्राची विद्या आणि लेखणीचा हक्क

(रत्नागिरी येथे लेखक, प्रकाशक आणि ग्रंथप्रेमी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय न्यायालयाचा आणि संगणकाचा असला, तरी त्याचा प्रारंभ मी याच मातीशी जोडलेल्या चार नावांनी करणार आहे. मालगुंडचे केशवसुत, पालगडचे साने गुरुजी, रत्नागिरीत तेरा वर्षे स्थानबद्ध राहिलेले स्वातंत्र्यवीर सावरकर आणि रत्नागिरीच्या अंतू बर्व्याला मराठी घराघरांत पोहोचविणारे पु. ल. देशपांडे. वाचक म्हणून आपल्याला हे चौघेही सारखेच जवळचे. कायद्याच्या दृष्टीने मात्र चौघांची स्थिती निरनिराळी आहे.

केशवसुत १९०५ साली गेले. त्यांची कविता केव्हाच सर्वांसाठी मुक्त झाली. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर जे नवे वर्ष सुरू होते, तेथपासून साठ वर्षे आपल्याकडे स्वामित्व हक्क टिकतो. म्हणून १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. सावरकरांचे देहावसान २६ फेब्रुवारी १९६६ रोजी झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची. पु. ल. २००० साली गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०६० सालच्या अखेरपर्यंत अबाधित आहे.

आपल्याकडचा साधा प्रकाशकही हा हिशेब जाणतो. मात्र आज मराठीत निबंध लिहून देणारी, कविता रचणारी, भाषांतर करणारी जी नवी यंत्रे आली आहेत, त्यांना हा हिशेब ठाऊक नाही. केशवसुत आणि पु. ल. त्यांच्या लेखी एकच: शब्दांचा साठा. या यंत्रांच्या संदर्भात लेखकाचा हक्क उरतो काय, उरत असेल तर किती, आणि मराठी समाजाने कोणती भूमिका घ्यावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

यंत्र शिकते म्हणजे काय करते?

प्रथम यंत्राचे कार्य समजून घेऊ. ग्रंथ, वृत्तपत्रे, संकेतस्थळे यांतील अब्जावधी शब्द आधी संगणकात उतरवून घेतले जातात. त्या शब्दांचे बारीक तुकडे पाडतात. कोणत्या तुकड्यापाठोपाठ कोणता तुकडा येण्याचा संभव किती, याचे गणित यंत्र पुन्हा पुन्हा करते आणि ते गणित आकड्यांच्या रूपाने त्यात साठते. पुढे आपण प्रश्न विचारला की याच गणिताच्या आधारे ते एकेक शब्द जोडीत उत्तर रचते.

यातून दोन वेगळे प्रश्न उद्भवतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला प्रश्न घेण्याचा: शिकविण्यासाठी ग्रंथाची प्रत उतरवून घेतली, तो हक्कभंग ठरतो काय? दुसरा प्रश्न देण्याचा: यंत्राने जे लिहून दिले, त्यात मूळ लेखकाची अभिव्यक्ती जशीच्या तशी उमटली तर काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला. ‘हम हिंदुस्तानी’ हे त्यांचे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्यातील तो वाद होता. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाचीही मालकी नसते. मालकी असते ती अभिव्यक्तीवर, असे न्यायालयाने सांगितले आणि नाटककाराचा दावा फेटाळला. म्हणजे नारळी-पोफळीच्या छायेत तिरकस बोलणारा कोकणी म्हातारा ही कल्पना सर्वांची आहे. असा म्हातारा कोणीही रंगवावा, यंत्राकडूनही रंगवून घ्यावा. परंतु पु. लं.नी रचलेली वाक्ये, त्यांचा लक्षणीय भाग जर यंत्राच्या उत्तरात उतरला, तर ते अनुकरण न राहता हक्कभंग होतो. शैलीला कायद्याचे कुंपण नाही, शब्दांना आहे.

१९५७ चा कायदा आणि आजचा पेच

पहिला प्रश्न अवघड आहे. आपला स्वामित्व हक्क कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात काही रास्त वापर मान्य केले आहेत: खाजगी अभ्यास व संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्तांकन आणि असेच काही. १८२८ पासून चालत आलेल्या आपल्या रत्नागिरीच्या वाचनालयात बसून एखादा विद्यार्थी टिपणे काढतो, ते याच मोकळीकीत बसते. मग प्रचंड भांडवलाची कंपनी लक्षावधी ग्रंथांच्या प्रती उतरवून घेऊन त्यांतून विक्रीची वस्तू तयार करते, तेही ‘संशोधन’ मानावे काय? १९५७ साली हा प्रश्न कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. जपानने २०१८ साली कायदा बदलून यंत्राच्या शिक्षणाला बरीच मोकळीक दिली. युरोपने २०१९ साली मोकळीक दिली, पण हक्कधारकाला ‘माझे लेखन वगळा’ असे सांगण्याची सोयही ठेवली. आपल्या कायद्यात यांपैकी काहीच स्पष्ट नाही.

म्हणून हा वाद न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय या अमेरिकी कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायालयाने विचारासाठी चार प्रश्न काढले. शिकविण्यासाठी मजकूर साठविणे हा हक्कभंग आहे काय? तो वापरून उत्तरे देणे हा हक्कभंग आहे काय? ५२ व्या कलमाचे संरक्षण कंपनीला मिळते काय? आणि कंपनीचे संगणक अमेरिकेत असताना भारतीय न्यायालयाला हा वाद ऐकण्याचा अधिकार आहे काय? पुढे भारतीय प्रकाशकांचा महासंघही या वादात आपले म्हणणे मांडण्यासाठी उतरला.

परदेशातही एकवाक्यता नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश विल्यम आल्सप यांनी ॲन्थ्रॉपिक या कंपनीच्या प्रकरणात दुहेरी निर्णय दिला. यंत्राला शिकविण्यासाठी ग्रंथ वापरणे त्यांनी रास्त मानले. मात्र चोरट्या संकेतस्थळांवरून ग्रंथ उतरवून घेऊन त्यांचा संग्रह बाळगणे रास्त मानले नाही. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. सुमारे पाच लाख ग्रंथ, प्रत्येक ग्रंथामागे सुमारे तीन हजार डॉलर. उलट नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मनीतील म्युनिक येथील न्यायालयाने असे ठरविले की, गीतांचे शब्द यंत्राच्या आकड्यांत जर पाठ होऊन बसले असतील, तर ते साठवणे हीच मुळी प्रत करणे आहे.

अमेरिकी तडजोडीतील एक बारकावा आपण लक्षात घेतला पाहिजे. ही भरपाई अमेरिकी स्वामित्व हक्क कार्यालयात ठरावीक मुदतीत नोंद झालेल्या ग्रंथांपुरतीच होती. आपल्यापैकी किती मराठी लेखकांनी तशी नोंद केली असेल? हक्क असणे वेगळे आणि तो सिद्ध करून पदरात पाडून घेणे वेगळे.

मराठीपुढील खरा प्रश्न

येथे मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. इंग्रजी लेखकाचे भांडण सरळ आहे. त्याच्या भाषेतील मजकूर यंत्राकडे ओसंडून वाहतो आहे. त्याला फक्त मोबदला हवा आहे. मराठी लेखकाची स्थिती दुहेरी अडचणीची आहे. आपण आपले ग्रंथ यंत्रापासून दडवून ठेवले, तर यंत्र मराठी शिकणारच नाही असे नव्हे. ते वाईट मराठी शिकेल. घाईने केलेली भाषांतरे, अशुद्ध जाहिराती, समाजमाध्यमांवरील मोडकी वाक्ये यांवर ते पोसले जाईल आणि उद्या आपल्या मुलांना तेच मराठी परत शिकवील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या भाषेचा अभिजात ग्रंथसंभार यंत्राच्या गावीही नाही, तिचा हा दर्जा उद्याच्या व्यवहारात कागदावरच राहील.

उलट, सारे काही विनामूल्य खुले केले, तर ज्या लेखणीतून ही भाषा ताजी राहते, ती लेखणीच वाळून जाईल. मराठी ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती निघतात आणि त्या खपायला किती वर्षे लागतात, हे या सभागृहातील प्रकाशकांना मी सांगायला नको.

अशा वेळी शासनाने मांडलेला एक मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने २०२५ साली एक समिती नेमली. तिच्या कार्यपत्राचा पहिला भाग डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सूचना थोडक्यात अशी: कायदेशीर मार्गाने उपलब्ध झालेले सर्व साहित्य यंत्राला शिकविण्यासाठी वापरण्याचा परवाना कंपन्यांना सरसकट असावा, लेखकाला नकार देता येऊ नये, पण त्या बदल्यात कंपनीने आपल्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा स्वामित्वधन म्हणून एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावा आणि तिने तो हक्कधारकांत वाटावा. संगणक उद्योगाची संघटना नॅसकॉम हिने यास विरोध नोंदविला. परवान्याचा आणि मोबदल्याचा हा भार उद्योगावर नको, असे तिचे म्हणणे.

ही कल्पना अगदीच अनोळखी नाही. २०१२ च्या दुरुस्तीने नभोवाणी केंद्रांना ठरलेले स्वामित्वधन भरून गीते वाजविण्याची मुभा दिलेलीच आहे. माझे मत विचाराल तर, मराठीच्या हिताच्या दृष्टीने ही दिशा योग्य आहे. परंतु तीन गोष्टींविषयी आपण आग्रही राहिले पाहिजे.

एक, वाटप करताना मोठ्या भाषांनी मोठा घास घ्यावा आणि मराठीच्या वाट्याला चतकोर यावी, असे होऊ नये. दोन, पैसा प्रकाशकापाशी थांबू नये, लेखकापर्यंत पोहोचावा. २०१२ च्या त्याच दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील समान वाटा त्यांना स्वतःलाही सोडून देता येणार नाही, असा करून ठेवला आहे. तोच न्याय कवी-कादंबरीकारांना का नसावा? आणि तीन, मोबदला दिला म्हणजे लेखकाचे नाव पुसण्याचा किंवा त्याचे शब्द विकृत करण्याचा परवाना मिळाला, असा अर्थ होऊ नये.

नाममुद्रा आणि पाठशुद्धी

या तिसऱ्या मुद्द्यावर थोडे विस्ताराने बोलणे आवश्यक आहे, कारण येथे आपल्या परंपरेविषयी एक गैरसमज आडवा येतो. काही विद्वान म्हणतात की, भारतात ज्ञान कधी विकले गेले नाही, विद्या दानासाठीच होती, तेव्हा स्वामित्व हक्क ही परकी कल्पना आहे. यंत्राने घेतले तर बिघडले कोठे?

हे अर्धसत्य आहे. आपल्या संतांनी आपल्या वाणीचे मोल मागितले नाही, हे खरे. पण त्यांनी आपली नाममुद्रा सोडली नाही, हेही तितकेच खरे. अभंगाच्या अखेरीस येणारे तुकोबांचे वा नामदेवांचे नाव हे कर्तृत्वाची ग्वाही देते. आणि ज्ञानेश्वरीच्या प्रतींत जेव्हा अपपाठ शिरले, तेव्हा १५८४ साली संत एकनाथांनी प्रती ताडून पाहून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथकाराचा शब्द त्याने लिहिला तसाच पुढच्या पिढीला मिळाला पाहिजे, ही त्यामागची निष्ठा. ज्ञान सर्वांसाठी खुले. नाव मात्र खरे आणि पाठ शुद्ध, ही आपली रीत आहे.

आधुनिक कायद्यात याच निष्ठेला स्थान आहे. स्वामित्व हक्क कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार, लेखकाने आपले सारे आर्थिक हक्क विकून टाकले तरी आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या कीर्तीला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार त्याच्यापाशी उरतोच. यंत्रयुगात या कलमाचे मोल फार वाढले आहे. यंत्र अनेकदा नसलेला अभंग तुकारामांच्या नावे आणि न लिहिलेले वाक्य एखाद्या थोर पुरुषाच्या नावे बेधडक सांगते. ते खोटे बोलत नाही, कारण खरे-खोटे त्याला कळतच नाही. ते केवळ संभवनीय शब्द जोडते. पण ऐकणाऱ्याची फसवणूक व्हायची ती होतेच.

शब्दांचे जे झाले, तेच आवाजाचेही होत आहे. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी ‘संगीत संन्यस्त खड्ग’ लिहिले. १९३१ साली मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्याच दीनानाथांच्या कन्या आशा भोसले यांना २०२५ साली आपल्या आवाजाच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. कोणाचाही आवाज त्यांच्या आवाजात बदलून देणारी साधने बाजारात आली होती. २९ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने प्रथमदर्शनी असे मत नोंदविले की, नामवंत गायिकेचा आवाज तिच्या अनुमतीवाचून असा उपलब्ध करून देणे हा तिच्या व्यक्तिमत्त्वावरील हक्कांचा भंग आहे.

जाखडीचा शाहीर आणि यंत्राचा ‘लेखक’

आशाताईंना न्यायालयात जाणे शक्य झाले. आपल्या खेड्यापाड्यांतील जाखडीच्या शाहिराचे काय? शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांसाठी तो नवनवी गाणी रचतो, ती रात्रभर गातो आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवरून ती जगभर जातात. तेथून ती यंत्राच्या पोटात जाणार नाहीत कशावरून?

येथे कायद्यातील तीन पदर वेगळे केले पाहिजेत. जाखडी हा प्रकार, नमनाची परंपरा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चाली यांवर आपल्या कायद्यात कोणाचाही स्वामित्व हक्क नाही. शाहिराने स्वतः रचलेले नवे गीत मात्र त्याची साहित्यकृती आहे. त्यावर त्याचा हक्क हयातभर आणि पुढे साठ वर्षे. आणि त्याचे सादरीकरण हा तिसरा पदर. त्यावर सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षे टिकतो. सादरकर्ता कोण, हे सांगताना कायद्याने गायक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, गारुडी आणि चक्क व्याख्यान देणाऱ्यालाही गणले आहे. म्हणजे आमच्यासारखे वक्तेही गारुड्याच्या पंक्तीत बसले! विनोद सोडला, तरी यातील आशय महत्त्वाचा आहे. कीर्तनकार, प्रवचनकार, शाहीर या सर्वांना हे संरक्षण आहे आणि बहुतेकांना त्याची कल्पना नाही.

यंत्राने लिहिलेल्या मजकुराचा मालक कोण, हेही येथेच सांगतो. १९९४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या साहाय्याने निर्माण झालेल्या कृतीचा लेखक म्हणजे ‘ती कृती घडवून आणणारी व्यक्ती’ अशी व्याख्या केली. कायद्याला अभिप्रेत आहे ती व्यक्ती, यंत्र नव्हे. २०२० साली ‘सूर्यास्त’ नावाच्या एका चित्राची नोंद करताना आपल्या स्वामित्व हक्क कार्यालयाने ‘राघव’ या संगणक-प्रणालीला सहलेखक म्हणून मान्यता दिली होती. परंतु २०२१ साली ती नोंद मागे घेण्याची सूचना काढली. तेव्हा एखाद्या वाक्याची आज्ञा देऊन यंत्राकडून कादंबरी काढून घ्यावी आणि आपले नाव घालून हक्क सांगावा, असा ज्यांचा बेत असेल, त्यांनी तो हक्क न्यायालयात टिकेल असे गृहीत धरू नये.

आपण काय करावे?

कायदा दिल्लीत बदलेल तेव्हा बदलेल. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. काही गोष्टी आपल्याच हातात आहेत.

लेखकांनी आपले करार बाहेर काढून वाचावेत. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क त्यात स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज दिले गेले असे मानता येत नाही, हे तत्त्व २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आणले. जुन्या करारांचा अर्थ लावताना वाद होऊ शकतो. म्हणून लेखक आणि प्रकाशक यांनी समजुतीने ‘यंत्राच्या शिक्षणासाठी वापर’ हे कलम आताच लिहून घ्यावे आणि त्यातील वाटाही ठरवावा. १९९४ च्या दुरुस्तीनंतरच्या करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे समजली जाते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

दुसरे, नोंदणी. आपल्याकडे हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. कृती निर्माण होताच हक्क जन्मतो. पण नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा असतो. उद्या स्वामित्वधन वाटले जाईल, तेव्हा ज्याची नोंद, त्याचाच वाटा, असेच घडण्याचा संभव अधिक. शाहिरांनी निदान आपल्या गीतांच्या दिनांकित वह्या तरी जपाव्यात.

तिसरे, संघटन. संगीताच्या क्षेत्रात स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्था आहेत, म्हणून गीतकारांचा आवाज दिल्लीत ऐकू जातो. मराठी लेखक साहित्य संमेलनात एकत्र येतो. हक्कासाठी एकत्र येत नाही. ही सवय बदलली पाहिजे.

आणि चौथे काम वाचनालयांचे, संस्थांचे आणि कार्यकर्त्यांचे. जे ग्रंथ हक्कमुक्त झाले आहेत, त्यांच्या शुद्ध, तपासलेल्या संगणकीय प्रती आपणच सिद्ध कराव्यात. भाषिणीसारख्या शासकीय उपक्रमांना त्या मोकळ्या मनाने द्याव्यात. १ जानेवारी २०२७ हा सावरकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याच्या मुक्ततेचा दिवस. त्यानंतर ते कोणीही छापू शकेल, कोणतेही यंत्र गिळू शकेल. त्यात अपपाठ शिरतील, न लिहिलेली वाक्ये त्यांच्या नावावर खपतील. महापौर, दिनांक, हुतात्मा असे शब्द सावरकरांनी मराठीला दिले आणि त्यांवर कधी हक्क सांगितला नाही. त्यांचे ग्रंथही आता समाजाच्या स्वाधीन होणार असतील, तर ते त्यांनी लिहिले तसेच राहतील हे पाहण्याची जबाबदारी समाजाची आहे. आणि रत्नागिरीची तर विशेषच.

यंत्राशी आपले वैर नाही. विद्या घ्यायला आलेल्याला आपल्या दारातून कोणी विन्मुख पाठविले नाही. पण विद्या घ्यावी ती गुरूचे नाव सांगून, आणि समर्थ झाल्यावर दक्षिणा देऊन. यंत्रे चालविणाऱ्या कंपन्या समर्थ झाल्या आहेत. त्यांच्याकडून नाव आणि दक्षिणा दोन्ही मागण्याचा अधिकार मराठी लेखणीला आहे. तो मागण्याइतके आपण जागे आणि संघटित असावे, एवढेच सांगून मी थांबतो.